लहानपणीची माझी आठवण भावाची निघाली. मग मी स्वतःला जो समजतो, तो कोण?

तुम्ही लिहिलंय की चार-पाच वर्षांचे असताना जत्रेत हरवलात आणि फुगेवाल्यापाशी रडत उभे होतात, हे तुम्ही आजवर सगळ्यांना सांगत आलात. आता आई म्हणते, हरवला होता तो धाकटा. तू माझं बोट धरून त्याला शोधत होतास. हीच आठवण खरी नसेल तर बाकी कशावर विश्वास ठेवायचा, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी हे सांगते की असं पुष्कळ घरांत होतं. जुळ्या भावंडांच्या आठवणींवरचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. बऱ्याच जोड्यांकडे एखादी तरी अशी आठवण निघाली जिच्यावर दोघंही हक्क सांगत होते: पडलो मी, बक्षीस मिळालं मला. दोघांच्याही डोळ्यांसमोर प्रसंग लख्ख उभा होता. बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्येच दाखवलं होतं की आपण ऐकलेलं जसंच्या तसं आठवत नाही. दर वेळी हाताशी असलेल्या तुकड्यांतून ते नव्याने उभं करतो, आणि गाळलेल्या जागा स्वतःच्या समजुतीने भरतो. तुम्ही त्या जत्रेत होता, घाबरलाही होतात. नंतर घरात तो किस्सा शंभरदा ऐकलात. भीती तुमचीच होती, फक्त जागा बदलली.

आता माझ्या घरचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला तिथेच कळला.

माझं सासर साताऱ्यात, माहेर सांगलीवाडीत, कृष्णेच्या अगदी काठाला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आई आणि दादा घरात होते, मी साताऱ्यात. त्यामुळे माझ्याकडे त्या पुराचं स्वतःचं काहीच नाही, दोघांच्या तोंडून ऐकलेलं तेवढं आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. हा आकडा सगळ्यांचा एकच. त्यापुढे मात्र प्रत्येकाचा पूर वेगळा.

2005 चं पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण आमच्या भिंतीवर होती. त्याच्या वर येत नाही, या भरवशावर दादाने दुकानातला सगळा माल त्या खुणेच्या वरच्या फळ्यांवर चढवला. गावात कितीतरी जणांनी हेच केलं. पाणी खुणेच्या वर गेलं आणि माल गेला. दादाची गोष्ट इथे सुरू होते आणि चिखलाने भरलेल्या दुकानात संपते. ‘तिथनं पुढं काय मी उभा राहिलो न्हाई’ हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आईची गोष्ट 2005 पासूनच सुरू होते. तेव्हा आलं, गेलं. आत्ता आलं, गेलं. तिची गोष्ट दुकानापाशी थांबत नाही. गल्लीतल्या बायकांनी मिळून एकेक घर कसं धुऊन काढलं, गणपतीत कुणाकडे कुणाचा स्वयंपाक झाला, तिथवर ती जाते. घर तेच, पाणी तेच. एक जण त्या पुराने मोडलेला माणूस झालाय, दुसरी पुराला पुरून उरलेली.

डॅन मॅकअ‍ॅडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याच गोष्टीवर आयुष्यभर काम केलंय. त्याचं म्हणणं, आपण स्वतःबद्दल जी गोष्ट मनात रचतो, ती आपल्या ओळखीचा मोठा भाग असते. वाइटातून काही चांगलं निघालं अशा वळणाने सांगणारी माणसं सहसा अधिक समाधानी आढळतात. चांगलं होतं ते नासलं, अशा वळणाने सांगणारी कमी. पण म्हणून कुणाच्या दुःखाला जबरदस्तीने गोड शेवट चिकटवू नये, असं मला मनापासून वाटतं. दादाचं नुकसान खरं आहे.

आमच्याकडेही तुमच्यासारखाच एक वाद आहे. म्हशीचं दावं कुणी सोडलं? आई म्हणते, गाठ पाण्याने फुगून आवळली होती, मी विळ्याने कापली. दादा म्हणतो, विळा सापडतच नव्हता, मी दातांनी सोडली. शेणामुताची ती चव अजून तोंडात आहे म्हणतो. दोघं शपथेवर सांगतात. म्हैस पोहत बांधाला लागली आणि वाचली, यावर दोघांचं एकमत. मी हा वाद कधी मिटवायला गेले नाही. दादाच्या सगळ्या पुरात तो स्वतः काही करतो अशी जागा ती एकच आहे. बाकी सगळीकडे पाणी करतं आणि तो बघतो.

आणि आठवण उसनी असली तरी ती माणूस घडवते. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलकडे जा. जून 1943 मध्ये शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लोकांनी उभारलेल्या सरकारच्या, लोकांनी पगाराची रेल्वे लुटली, ती हकिगत सांगताना चाळिशीतला नातू ‘आम्ही गाडी अडवली’ म्हणतो. त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. त्याच्या अंगात ती गोष्ट आहे, आणि आजही अन्याय दिसला की तो पहिला उठून बोलतो.

म्हणून तुमच्या बाबतीत मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवीन. कोर्टकचेरी, जमिनीचा वाद, कुणावर आरोप, असा प्रश्न असेल तर आठवणीवर विसंबू नका. कागद बघा, दुसऱ्याला विचारा. पण ‘मी कोण’ या प्रश्नासाठी, तुम्ही ती आठवण इतकी वर्षं का जपलीत आणि तिच्यामुळे काय करत आलात, ते बघा. गर्दीत एखादं पोर एकटं दिसलं की तुम्ही थांबता, असं तुम्हीच शेवटी लिहिलंय. ते थांबणं तुमचंच आहे.

एक करून बघा. आईला आणि भावाला त्या दिवसाबद्दल वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको. एकत्र बसले की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. ‘काय झालं?’ यापेक्षा ‘तू कुठे उभा होतास, हातात काय होतं?’ असं विचारा. आणि आईचं आधी ऐका. पोर सापडेपर्यंत दुसऱ्या पोराचं बोट घट्ट धरून फिरणारी ती बाई तुमच्या आठवणीत अजून आलेलीच नाही.