मॅजिक या पत्त्यांच्या खेळात टोकन (एखाद्या कार्डाच्या परिणामाने तयार झालेल्या गोष्टीसाठी ठेवलेली खूण) लायब्ररीत (आपला डेक, ज्यातून कार्डं ड्रॉ करतो) शफल झालं तर ते नंतर ड्रॉ करता येतं का?

नाही येत. मॅजिक द गॅदरिंगमध्ये टोकन हे कार्डच धरत नाहीत, ते बॅटलफील्ड (खेळात असलेल्या गोष्टींची जागा) सोडून हातात, ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांचा ढीग) किंवा लायब्ररीत जातं खरं पण तिथून पुढे कुठेच हलू शकत नाही, आणि पुढच्या वेळी स्टेट-बेस्ड ॲक्शन (खेळात आपोआप होणारी नियमांची तपासणी) चेक झाल्या की गायब. मधल्या मधे शफल करणाऱ्याच स्पेलने (मंत्राच्या कार्डाने) ड्रॉ करायला लावलं तरी खरं वरचं कार्डच घ्यायचं.

आमच्याकडे गंगापूर रोडला मित्राच्या घरी रविवारी खेळतो तेव्हा हाच वाद झाला होता, सोल्जर टोकन म्हणून चिवड्याच्या पाकिटाचा तुकडा ठेवलेला, त्यावर केऑस वॉर्प (समोरची गोष्ट मालकाच्या लायब्ररीत शफल करायला लावून वरचं कार्ड उघडायला लावणारा स्पेल) पडला आणि गडी म्हणे आता हा तुकडा डेकमध्ये घालू का! अरे बाबा, डेक नीट शफल कर, वरचं कार्ड उघड, पर्मनंट (बॅटलफील्डवर टिकून राहणारं कार्ड) असेल तर ते बॅटलफील्डवर ठेव, बस.

आणि हे नक्की लक्षात ठेव, लायब्ररी रिकामी असताना टोकन आत शफल केलं म्हणून ती भरत नाही. ड्रॉ करायला गेलास की हरलास. नुसती रिकामी असली तर मात्र हरत नाही, खेळत राहा.