रशियन संगीतकार शोस्ताकोविचचा 'नाक' हा ऑपेरा कुणी प्रत्यक्ष पाहिलाय का? पाश्चात्य संगीतातलं काही कळत नसेल तर जावं का?

हो, पाहिलाय. म्युनिकच्या नॅशनल थिएटरात, २०२१ च्या ऑक्टोबरात, बव्हेरियन स्टेट ऑपेराची तेव्हाची नवी कोरी निर्मिती. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मैत्रिणीनं तिकिटं काढून ठेवलीत, गोष्टीचा सारांश वाचून डोकं चक्रावलं, आणि यावर स्टालिननं बंदी घातली होती असंही कुठंतरी वाचनात आलं. बंदीचं नंतर बघू. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: बिनधास्त जा.

गोष्ट रशियन लेखक गोगोलची, १८३६ सालची. पीटर्सबर्गमधला एक न्हावी सकाळी पाव कापतो तर आत एक नाक. ते त्याच्या गिऱ्हाइकाचं, कोवाल्योव नावाच्या सरकारी अधिकाऱ्याचं. इकडे कोवाल्योव उठून आरशात पाहतो तर नाकाच्या जागी सपाट चेहरा. तो शोधायला बाहेर पडतो आणि नाक त्याला थेट काझान कॅथेड्रलमध्ये भेटतं: भरजरी गणवेशात, प्रार्थना करताना, आणि हुद्द्यानं कोवाल्योवपेक्षा वरचढ. झारच्या रशियात १७२२ पासून नोकरशाहीच्या चौदा श्रेणी ठरलेल्या होत्या. कोवाल्योव आठव्या श्रेणीतला, त्याचं नाक पाचव्या. त्यामुळे स्वतःच्याच नाकाशी बोलताना हा माणूस चाचरतो, 'साहेब, साहेब' करतो. आणि नाक त्याच्या गणवेशाची बटणं बघून सांगतं, आपलं खातं वेगळं, आपला काही संबंध नाही.

गंमत इथंच आहे, आणि सारांशात ती हमखास हरवते. नाक पळालं याचं या शहरात कुणालाच फारसं आश्चर्य वाटत नाही. प्रत्येकाला आपापली अडचण पडलेली. वर्तमानपत्राच्या कचेरीत कोवाल्योव 'नाक हरवले आहे' अशी जाहिरात द्यायला जातो, तर कारकून म्हणतो, असलं काही छापलं तर पेपरची अब्रू जाईल. मग कोवाल्योव रुमाल बाजूला करून सपाट चेहरा दाखवतो. कारकुनाला खरोखर दया येते, आणि सांत्वन म्हणून तो तपकिरीची डबी पुढे करतो! नाक नसलेल्या माणसापुढे! डॉक्टर तर त्याच्याही वरचा. नाक परत मिळाल्यावर तो म्हणतो, बसवायला बसवता येईल, पण त्यानं आणखी बिघडेल, त्यापेक्षा स्पिरिटमध्ये घालून ठेवा, वाटल्यास मी विकत घेतो. सरकारी कचेऱ्यांत चार खेटे घातलेल्या आपल्या कुठल्याही माणसाला ही कथा कळायला संगीताच्या पदवीची गरज नाही.

आता संगीत. नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाची अपेक्षा असते की पात्र पुढे येईल, पद म्हणेल, वन्स मोअर मिळेल. इथं ते नाही. शोस्ताकोविचनं हे १९२७-२८ मध्ये लिहिलं तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा होता, आणि वयाला शोभेल अशी वांड खोडकर वृत्ती पानोपानी दिसते. माणसं गाण्यापेक्षा बोलतात, ओरडतात, किंचाळतात, कुरकुरतात. पोलीस इन्स्पेक्टरचा आवाज इतका वर ठेवलाय की तो बिचारा गायक अख्खा वेळ नरडं ताणून असतो. सत्ता म्हणजे किरटा, चिरका आवाज, हे त्या पोरानं तेव्हाच ओळखलं होतं.

कान टवकारून ठेवावेत अशा काही जागा सांगतो. न्हावी नाक नदीत टाकायला जातो आणि पोलीस त्याला हटकतो, त्यानंतर रंगमंचावरचं गाणं थांबतं आणि फक्त तालवाद्यं वाजतात. तीनेक मिनिटं. ना व्हायोलिन, ना बासरी, नुसते ढोल, झांजा, ताशासारखी कडकडणारी वाद्यं. युरोपीय संगीतात असं नुसत्या तालवाद्यांवर काही लिहिणं तेव्हा जवळपास कुणी केलेलं नव्हतं. मला पूर्ण प्रयोगात सर्वात सोपं हेच गेलं, कारण ढोल-ताशाच्या पथकाजवळ उभं राहून अंगात लय कशी शिरते ते आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आजूबाजूचे जर्मन प्रेक्षक ताठ बसले होते. मला पाय आवरावे लागले.

त्याच्या लगेच पुढे कोवाल्योव जागा होतो. ट्रॉम्बोन आणि कॉन्ट्राबसून ही खर्जातली फुंकवाद्यं मिळून त्याचं घोरणं, खाकरणं, जांभया वाजवतात, वर एकटं व्हायोलिन बारीक कुईकुई करतं. ऑपेराच्या नायकाची इतकी अपमानास्पद एंट्री दुसरीकडे सापडणं मुश्कील. तिसरी जागा जाहिरातीच्या कचेरीतली: आठ दरवान आठ वेगवेगळ्या जाहिराती एकामागोमाग एक सुरू करतात, एकाच्या पाठीवर दुसरा, आणि बघता बघता शब्द कळेनासे होऊन नुसता कलकलाट उरतो. ऐकताना गोंधळ वाटतो, पण रचना काटेकोर आहे. आणि कोवाल्योवचा नोकर इवान सोफ्यावर लोळत बालालायका या रशियन तंतुवाद्यावर एक गाणं म्हणतो, त्याचे शब्द गोगोलचे नाहीत, दस्तयेव्हस्कीच्या 'करामाझोव बंधू'मधून उचललेत.

म्युनिकची निर्मिती किरिल सेरेब्रेन्निकोवची. हा रशियन दिग्दर्शक २०१७ ते २०१९ घरी नजरकैदेत होता, २०२० मध्ये त्याला अपहाराच्या खटल्यात स्थगित शिक्षा झाली आणि देशाबाहेर जायची मनाई होती. म्हणजे म्युनिकचा ऑपेरा त्यानं मॉस्कोत बसून, व्हिडिओवरून बसवला. दिग्दर्शकानं तालमी अशा दुरून घेतल्यात हे रंगमंचावर कुठंही जाणवलं नाही. शेकडो हालचाली घड्याळासारख्या. कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंद चालवणारा, व्लादिमीर युरोव्स्की. तिथला संगीतप्रमुख म्हणून त्याचा हा पहिलाच नवा प्रयोग. कोवाल्योवच्या भूमिकेत बोरिस पिंखासोविच.

सेरेब्रेन्निकोवनं मूळ कल्पना उलटी केली. त्याच्या पीटर्सबर्गमध्ये प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक नाही, अनेक नाकं. मुखवट्यांवर नाकांचे घोसच्या घोस. जितकी नाकं जास्त तितका माणूस मोठा. कोवाल्योवची नाकं जातात आणि तुमच्या-माझ्यासारखा एकच नाकवाला साधा मानवी चेहरा उरतो, आणि त्याचीच त्याला लाज वाटते. भोवती बर्फ, करडा उजेड, बॅरिकेड्स आणि पोलीस. जिकडे तिकडे पोलीस.

पहिली वीस मिनिटं मी या युक्तीवर फिदा होतो. कॅथेड्रलच्या प्रसंगात तर ती फारच भेदक ठरली: मागून शब्दहीन कोरस, त्यावर तरंगणारा एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतला बाईचा आवाज, आणि पुढे उघड्या चेहऱ्याचा माणूस घोसवाल्यासमोर नाक मुठीत धरून उभा. (हे वाचून हसू येईल, पण तिथं पोटात कालवलं.) पुढे पुढे मात्र माझी तक्रार वाढत गेली. गोगोलची माणसं मूर्ख आहेत, त्यांना आपण मूर्ख आहोत याचा पत्ता नाही, म्हणून हसू येतं आणि मग ते हसू घशात अडकतं. इथं दहशत पहिल्या क्षणापासून हजर, त्यामुळे हसायला जागाच सापडेना. तपकिरीच्या डबीवर थिएटरात हशा पिकायला हवा. त्या रात्री माझ्या आसपास एक-दोन खोकले ऐकू आले. त्या दिग्दर्शकाची तेव्हाची परिस्थिती पाहता त्यानं विनोदी निर्मिती का करावी, हेही खरंच. तरीसुद्धा शोस्ताकोविचचं संगीत ज्या वात्रटपणानं उड्या मारत होतं त्याला वर रंगमंचावर जोडीदार नव्हता.

दुसऱ्या टोकाची निर्मितीही आहे. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१६ साली बॅरी कोस्कीनं हाच ऑपेरा इंग्रजीत, कॅबरेच्या अंगानं केला. त्यात पुरुषभर उंचीची नाकं रांगेत टॅप डान्स करतात. त्याची चित्रफीत मी पाहिलीय. मला विचाराल तर पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मानवेल. आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासाठी विल्यम केंट्रिज या दक्षिण आफ्रिकी चित्रकारानं २०१० मध्ये केलेली निर्मिती म्हणजे वर्तमानपत्रांची कात्रणं, कागदी नाकं आणि चलच्चित्रांचा नुसता पाऊस. तुमच्या शहरात कुठली आहे ते आधी बघा, कारण त्यावर संध्याकाळ कशी जाईल ते बरंच ठरतं.

आता स्टालिन. तुम्ही वाचलेला किस्सा बहुधा याच संगीतकाराच्या दुसऱ्या ऑपेराचा, 'म्त्सेन्स्क जिल्ह्याची लेडी मॅकबेथ'चा आहे. स्टालिन तो १९३६ च्या जानेवारीत पाहायला गेला आणि दोनच दिवसांनी 'प्रावदा' या पक्षाच्या वर्तमानपत्रात झोडपणारा लेख आला. 'नाक' त्याच्या आधीचा. १८ जानेवारी १९३० ला लेनिनग्राडच्या माली थिएटरात तो सुरू झाला. कामगारवर्गाचे कैवारी म्हणवणाऱ्या टीकाकारांनी त्याच्यावर तोंडसुख घेतलं आणि सोळा प्रयोगांनंतर तो उतरला. त्यानंतर सोव्हिएत रंगमंचावर थेट १९७४ मध्ये, मॉस्कोत. दिग्दर्शक बोरिस पोक्रोव्स्की, कंडक्टर गेन्नादी रोझ्देस्त्वेन्स्की. आजारी शोस्ताकोविच तालमींना येऊन बसायचा. पुढच्याच वर्षी तो गेला.

जाण्यापूर्वी गोगोलची कथा वाचा, तासाभराचं काम आहे. प्रयोग रशियनमध्ये असला तरी वर पडद्यावर भाषांतर चालू असतं, पण माणसं इतक्या भरधाव बोलतात की सगळं वाचत बसलात तर रंगमंच निसटेल. कथा माहीत असली की मान वर-खाली करावी लागत नाही. मध्यंतर बहुतेक ठिकाणी नसतं, सलग दोनेक तास, तेव्हा पाण्याचा आणि बाथरूमचा हिशेब आधीच उरका. तिकीट अजून बदलता येत असेल तर वरच्या मजल्यावर बाजूची जागा घ्या. स्वस्त पडते, आणि तिथून वादकांच्या खड्ड्यात तालवाद्यवाले कसे धावपळ करतात ते स्पष्ट दिसतं.