बदकाला दात लागला, तर सकाळची वाट पाहू नका

पुण्यात बावधन-सूसपासून मांजरी-उरुळीपर्यंत बंगल्याच्या अंगणात, फार्महाउसवर दोन-चार बदकं पाळणारी बरीच घरं आहेत. बदकं आली की त्यांच्या वासावर मांजर, मुंगूस आणि मोकाट कुत्री येतातच. मग मला प्रश्न येतात आणि त्यांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो: रक्त थांबलं म्हणजे धोका टळला, असं लोक धरून चालतात. म्हणून त्यातले काही प्रश्न आज एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : कुत्र्याच्या तोंडातून बदक सोडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत घरी काय करायचं? (वारजे)

आधी ते नीट उचला. दोन्ही पंख अंगाशी मिटवून, पोटाखालून हात घालून उचलायचं. पंखाला किंवा मानेला धरून लोंबकळत न्यायचं नाही. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड खालीवर हललं तरच हवा आत जाते. घाबरलेल्या माणसाने घट्ट कवटाळल्यामुळे बदक गुदमरू शकतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं सुती कापड ठेवून पाच मिनिटं सलग दाबून धरा. मध्येच उचलून बघू नका, रक्ताची धरलेली गुठळी सुटते. अडीच किलोच्या बदकात साधारण पाव लिटरच रक्त असतं, हे लक्षात ठेवा.

मग हवेला भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला जुना टॉवेल, वरून झाकण. अंधार आणि शांतता हवी. खोक्याच्या एकाच बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे नको वाटलं तर बदकाला बाजूला सरकता येतं. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागलं तर बाटली काढा. चोचीत पाणी, ग्लुकोज, दूध काहीही ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं थेट फुप्फुसात जातं.

हे सगळं दहा मिनिटांचं काम. निघण्याआधी फोन करून पक्षी बघतात का ते विचारा, कारण बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात.

प्रश्न : जखमेत हळद भरली आहे. चालेल ना?

नाही.

प्रश्न : मग डेटॉल लावू की हायड्रोजन पेरॉक्साइड? (सिंहगड रोड)

दोन्ही नको. पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना जखम स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण तो फेस चांगल्या पेशीही जाळत असतो. औषधाच्या दुकानात सलाइनची बाटली मिळते, तिने जखम धुवा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचंच असेल तर फिक्या चहाचा रंग येईल इतकं पातळ करून. तेलकट मलम नको. पिसं चिकटतात आणि त्यांचा पाणी झटकण्याचा गुण जातो. बधिर करणारं औषध असलेली मलमं तर पक्ष्यांना विषारी ठरू शकतात.

एक अपवाद पाठ करा. छाती, पाठ किंवा पंखाच्या मुळाशी खोल भोक असेल, त्यातून बुडबुडे येत असतील किंवा आजूबाजूची कातडी फुगून दाबल्यावर चुरचुरत असेल, तर तिथे पाणी मारायचंच नाही. पक्ष्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात आणि पंखाच्या वरच्या पोकळ हाडापर्यंत त्या पोचलेल्या असतात. त्यात पाणी गेलं तर बदक जमिनीवर बुडतं. ओलसर गॉज वर ठेवा आणि निघा.

प्रश्न : काल संध्याकाळी बोक्याने आमच्या बदकिणीला पकडलं. आरडाओरडा केल्यावर सोडलं. थोडी पिसं गेली, जखम कुठेच नाही, दाणेही खातेय. शेजारी म्हणतात, दोन दिवस बघा. बघू का? (कोथरूड)

नका बघू. हे वाचत असाल तर खोका शोधा आणि निघा.

मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हीच गोष्ट आहे, म्हणून सविस्तर सांगतो. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. सुळा सुईसारखा आत जातो, बाहेर येतो आणि वरचं भोक लगेच मिटतं. जंतू आतच राहतात. पक्ष्याच्या रक्तात ते पसरले की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बदक दगावू शकतं. म्हणजे शेजाऱ्यांनी सांगितलेले ‘दोन दिवस’ हाच उपचाराचा सगळा काळ. प्रतिजैविक पहिल्या काही तासांत सुरू झालं तर वाचण्याची खरी संधी असते. बदकीण मान टाकून बसल्यावर आणली तर तेच औषध बहुतेकदा उशिराचं ठरतं.

‘जखम दिसत नाही’ याला बदकाच्या बाबतीत काहीच अर्थ नाही. वरची पिसं पाणी आत शिरू देत नाहीत, तसं आतलं रक्तही बाहेर दाखवत नाहीत. ते खालच्या मऊ पिसांत मुरतं. ‘खातेय’ याचाही भरवसा नाही. ज्याची शिकार होते तो पक्षी शेवटपर्यंत दुखणं लपवतो, कारण रानात आजारी दिसणारा आधी मारला जातो. मांजरी गावाहून आलेली खाकी कॅम्पबेल जातीची एक बदकीण मला आठवते. मालक सांगत होते, सकाळी गहू टिपले. पंख उचलून सलाइनच्या बोळ्याने पिसं बाजूला केली तर काखेत जेमतेम दोन मिलिमीटरचं भोक. भोवतालची पिसं कापल्यावर दिसलं की कातडी मांसापासून तळहाताएवढी सुटलेली आणि खालचं मांस काळंनिळं. ते काम कुत्र्याचं होतं. कुत्रा नुसता चावत नाही, धरून झटकतो. त्यामुळे बाहेर टिंब आणि आत चेंदामेंदा.

शोधायचं असेल तर उजेडात, ओल्या बोळ्याने पिसं दुभंगत शोधा: पाठ, काखा, मांड्या, मान, शेपटीखालचा भाग. एक भोक सापडलं तर विरुद्ध बाजूला दुसरं शोधा, कारण जबडा दोन्हीकडून बसतो. पण काही सापडलं नाही म्हणून घरी थांबू नका. मांजराच्या तोंडात गेलं म्हणजे दात लागला, असंच धरायचं. रात्र असेल तरी फोन करा. पुण्यात रात्री उघडी असणारी प्राण्यांची रुग्णालयं आहेत. गावाकडे असाल तर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ वर फोन लावा.

प्रश्न : दुकानदाराने कोंबड्यांची अँटिबायोटिक पावडर पाण्यात घालायला दिली आहे. शिवाय एक हर्बल स्प्रेही. पुरेल का? (उरुळी कांचन)

पुरणार नाही. जखमी बदक पाणीच कमी पितं, मग पाण्यातलं औषध पोटात किती गेलं हे ना तुम्हाला कळतं ना मला. वजन करून, पक्षी बघून औषध ठरतं. ज्याने बदक पाहिलंही नाही त्याने काउंटरवरून अँटिबायोटिक देणं हा उपचार नव्हे, विक्री आहे. स्प्रेच्या बाटलीवर ‘सर्व प्राण्यांसाठी’ असं छापलेलं असतं आणि लोक दोन दिवस तोच मारत बसतात. ते दोन दिवस परत मिळत नाहीत. दोन्ही बाजूला ठेवा आणि बदक दाखवा.

प्रश्न : दुखत असेल म्हणून क्रोसिनचा पाव तुकडा द्यावा का?

नाही. माणसांची कुठलीच वेदनाशामक गोळी नको. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. बदकाला वेदनाशामक मिळायलाच हवं, पण ते पशुवैद्यकाकडून.

प्रश्न : तिसऱ्या दिवशी जखमेभोवती हिरवं दिसतंय. सडलं का?

बहुधा नाही. पक्ष्यांत मुका मार दोन-तीन दिवसांनी हिरवा पडतो. पण वास येत असेल, भाग गार किंवा काळा पडला असेल तर आजच दाखवा.

प्रश्न : जखमेत अळ्या झाल्या आहेत. वडील म्हणतात, बैलाला टर्पेंटाइन घालतात तसं घालू. (मुळशी)

वडिलांना नम्रपणे थांबवा. टर्पेंटाइन, पेट्रोल, डांबरगोळीची पूड यांतलं काहीही बदकाला घालू नका. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्याने काढा, सलाइनने धुवा, खोक्यावर मच्छरदाणीचं कापड बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत किती आहेत हे वरून कळत नाही. पावसाळ्यात माशीच्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या बाहेर पडतात, म्हणून जखमी बदक पहिल्या तासापासून माशांपासून झाकलेलं हवं.

प्रश्न : पाण्यात कधी सोडायचं? ते सारखं टाकीकडे धावतं.

जखम पूर्ण भरल्यावर, तीही तपासून घेऊन. तोवर पिण्याचं भांडं मात्र नाकपुड्या बुडतील इतकं खोल द्या. डोळे आणि नाक साफ ठेवायला बदकाला ते लागतं. जोडीदार जाळीपलीकडे दिसू द्या, पण एकत्र सोडू नका. रक्त दिसलं की बाकीची बदकं टोचतात.

प्रश्न : बदकाला धनुर्वात आणि रेबीजचं इंजेक्शन द्यायचं का?

सहसा गरज नसते. पक्ष्यांना धनुर्वात सहजी होत नाही आणि रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे. तुमचं काय ते सांगा. सोडवताना कुत्र्याचा दात किंवा नख तुम्हाला लागलं असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि आजच लस घ्या. हातावर चीर होती आणि लाळेने भिजलेली पिसं हाताळली, तर तेही डॉक्टरांना सांगा. बदकाच्या धांदलीत माणसं स्वतःला विसरतात.

प्रश्न : हल्ला करणारं मुंगूस आहे. पिंजरा लावून पकडू का? (पाषाण)

नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. विषारी मांस तर अजिबात नको, ते घारी आणि शेजारची कुत्रीही खातात. खुराडं सुधारा. षटकोनी कोंबडी-जाळी कुत्रं सहज फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, तळालाही, कारण घूस खालून उकरते. मुंगूस दिवसा फिरतं, त्यामुळे नुसतं रात्री दार लावून भागणार नाही. आणि एकदा सावज मिळालेला प्राणी पुन्हा येतो, तेव्हा जाळी आजच्या आज.

प्रश्न : पाषाण तलावाजवळ पंख मोडलेलं बदक सापडलं. चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी लाल ठिपके. पाळू का?

हे हळदी-कुंकू बदक, रानपक्षी. पाळता येणार नाही. अंधाऱ्या खोक्यात ठेवा, खाऊ घालू नका आणि वनविभागाला १९२६ वर कळवा.

प्रश्न : औषध चालू असताना अंडी खायची का?

नाही. किती दिवस नाही, हे औषधावर अवलंबून आहे. ज्यांनी ते लिहून दिलं त्यांना विचारा आणि चिठ्ठीवर तारीख लिहून घ्या.