वाचकांचे प्रश्न : फॉर्मची नवी प्रॉपर्टी ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये का दिसत नाही?

प्रश्न : कळमना बाजारातील अडत्यांसाठी मी लाझारसमध्ये (पास्कल भाषेत प्रोग्राम लिहिण्याच्या मोफत साधनात) एक प्रणाली लिहिली आहे. आवक, तोलाई, हमाली, अडत आणि शेतकऱ्याची हिशेबपट्टी असे तिचे पंचवीसेक फॉर्म आहेत. संत्र्याची आवक आंबिया आणि मृग अशा दोन बहारांची असल्याने प्रत्येक फॉर्मला ‘बहार’ नावाची प्रॉपर्टी असावी आणि तो फॉर्म कोणत्या कर्मचाऱ्याला उघडता यावा हे ठरवणारी ‘प्रवेशपातळी’ ही दुसरी प्रॉपर्टी असावी, असे मला वाटले. दोन्ही प्रॉपर्टी मी फॉर्मच्या क्लासमध्ये पब्लिश्ड (डिझायनरला दिसणाऱ्या) विभागात लिहिल्या. प्रोग्राम कंपाइल होतो, कोडमधून त्या वापरताही येतात. पण ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे निवडलेल्या घटकाच्या प्रॉपर्टी दाखवणाऱ्या खिडकीत, त्या दिसत नाहीत. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : आपण लिहिलेल्या कोडमध्ये चूक नाही. डिझायनरमध्ये आपण जो फॉर्म पाहता, तो आपल्या क्लासचा फॉर्म नसतो, हे या अडचणीचे मूळ आहे. लाझारस हा आपला प्रोग्राम कंपाइल करून स्वतःच्या पोटात चालवत नाही. फॉर्म मांडण्यासाठी तो आपल्या क्लासच्या पालकाची, म्हणजे बहुतेक वेळा टी-फॉर्मची, एक प्रत उभी करतो, तिला आपल्या क्लासचे नाव देतो आणि एलएफएम फाइलमधील (फॉर्मची मांडणी साठवणाऱ्या फाइलमधील) किमती तिच्यात भरतो. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर त्या प्रतीची माहिती वाचतो आणि टी-फॉर्मला ‘बहार’ ठाऊक नसल्यामुळे ती ओळ तेथे उमटत नाही. डेल्फी या पास्कलच्याच व्यावसायिक साधनात १९९५ पासून हीच रचना आहे आणि लाझारसने ती जाणीवपूर्वक स्वीकारली आहे. तिच्यामुळे अर्धवट लिहिलेला, कंपाइल न होणारा फॉर्मसुद्धा डिझायनरमध्ये उघडता येतो, ही तिची मोठी सोय आहे.

यावरून उपाय उघड होतो. नवी प्रॉपर्टी आपल्या फॉर्ममध्ये न ठेवता त्याच्या पालकात ठेवावी आणि तो पालक लाझारसला आधीच ठाऊक करून द्यावा. त्यासाठी टी-फॉर्मपासून एक आधारक्लास तयार करा. त्याला ‘बाजार-फॉर्म’ म्हणू. ‘बहार’ आणि ‘प्रवेशपातळी’ या दोन्ही प्रॉपर्टी त्याच्या पब्लिश्ड विभागात लिहा आणि हे युनिट एका पॅकेजमध्ये ठेवा. दुसऱ्या, केवळ डिझाइनच्या वेळी लागणाऱ्या पॅकेजमध्ये आयडीई-इंटफ (आयडीई म्हणजे कोड लिहिण्याचे आणि फॉर्म मांडण्याचे लाझारसचे वातावरण) या पॅकेजचा आधार घेऊन रजिस्टर प्रोसीजर लिहा आणि तीत फॉर्मएडिटिंगहूकच्या रजिस्टरडिझायनरबेसक्लास या पद्धतीला आपला आधारक्लास द्या. ‘नवीन’ या खिडकीत बाजार-फॉर्मची स्वतंत्र ओळ हवी असेल, तर त्याच ठिकाणी रजिस्टरप्रोजेक्टफाइलडिस्क्रिप्टर वापरून तीही नोंदवता येते. मग पॅकेज इन्स्टॉल करा. लाझारसमध्ये पॅकेज आयडीईच्या आतच जोडले जात असल्याने संपूर्ण आयडीई पुन्हा बांधला जातो. डेल्फीमध्ये ते बाहेरून लोड होते आणि तेथे याच कामासाठी रजिस्टरकस्टममॉड्यूल ही प्रोसीजर आहे. लाझारससोबत येणाऱ्या उदाहरणांमध्ये डिझायनरबेसक्लास नावाचा फोल्डर आहे. तो आधी नीट वाचावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

दोन पॅकेजे वेगळी ठेवण्याचा सल्ला वरवर पाहता जास्तीचा वाटेल. परंतु ती एकत्र केली, तर अडत्याच्या दुकानातील प्रोग्राममध्येही आयडीईचे भाग जोडले जाऊ लागतात आणि तेथे त्यांचे काहीच काम नसते. तसेच, आधारक्लास इन्स्टॉल करण्यापूर्वी एका छोट्या चाचणी-प्रोग्राममध्ये तो कोडने तयार करून पाहा. एकदा इन्स्टॉल झाल्यावर त्याचा कन्स्ट्रक्टर (प्रत तयार होताना चालणारा कोड) आयडीईच्या आत चालतो आणि तेथे उद्भवलेली त्रुटी आयडीईलाच भोवते.

आपल्या जुन्या पंचवीस फॉर्मसाठी फार काम करावे लागणार नाही. प्रत्येक पास्कल फाइलमध्ये क्लासच्या घोषणेत टी-फॉर्मऐवजी नव्या आधारक्लासचे नाव लिहा, त्याचे युनिट यूजेसमध्ये घाला आणि फाइल बंद करून पुन्हा उघडा. एलएफएम फाइलच्या पहिल्या ओळीत केवळ त्या फॉर्मच्या स्वतःच्या क्लासचे नाव असते, पालकाचे नसते. त्यामुळे तिला हात लावावा लागत नाही.

प्रॉपर्टी दिसू लागल्यानंतरचे काही प्रश्न मात्र दिसण्याच्या प्रश्नापेक्षा अधिक गंभीर आहेत, कारण ते हिशेबात चूक घडवतात आणि कंपाइलर त्यांची सूचना देत नाही. प्रॉपर्टीच्या घोषणेत ‘डिफॉल्ट’ लिहिले म्हणजे ती किंमत आपोआप भरली जाते, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ‘डिफॉल्ट’ हा शब्द कोणतीही किंमत भरत नाही. ‘प्रॉपर्टीची किंमत एवढीच असेल तर ती फाइलमध्ये लिहू नका’ एवढेच तो सांगतो. समजा, बहारच्या प्रकारात आंबिया पहिला आणि मृग दुसरा आहे, घोषणेत डिफॉल्ट म्हणून मृग लिहिला आहे आणि कन्स्ट्रक्टरमध्ये काहीच भरलेले नाही. आपण ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये मृग निवडता, तो डिफॉल्टशी जुळतो म्हणून एलएफएममध्ये लिहिला जात नाही आणि प्रोग्राम चालू झाल्यावर रिकाम्या जागेतील शून्य, म्हणजे आंबिया, वाचला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या मृगाच्या मालाची नोंद आंबियाच्या खात्यात पडेल आणि पडद्यावर कोणतीही त्रुटी दिसणार नाही. म्हणून घोषणेतील डिफॉल्ट आणि कोडमध्ये भरलेली आरंभीची किंमत या दोन्ही एकच असल्या पाहिजेत.

ती किंमत कोठे भरावी, यालाही महत्त्व आहे. फॉर्मचा क्रिएट हा कन्स्ट्रक्टर प्रथम क्रिएटन्यू बोलावतो आणि त्यानंतर एलएफएम वाचतो. त्यामुळे क्रिएटमध्ये ‘इनहेरिटेड’च्या ओळीनंतर किंमत भरली, किंवा ऑनक्रिएट या घटनेत भरली, तर फाइलमधून नुकतीच आलेली किंमत पुसली जाते आणि ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमधील निवड निरर्थक ठरते. आधारक्लासमध्ये क्रिएटन्यू ओव्हरराइड करून तेथे आरंभीच्या किमती भराव्यात; हा मार्ग मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

दुसरी काळजी सेटरची, म्हणजे प्रॉपर्टीत किंमत भरणाऱ्या पद्धतीची. एलएफएममध्ये फॉर्मच्या स्वतःच्या प्रॉपर्टी आधी आणि त्यावरील लेबल, चौकटी, बटणे नंतर असतात व त्याच क्रमाने ती वाचली जातात. ‘बहार’चा सेटर जर शीर्षकाच्या लेबलमध्ये ‘मृग बहार’ असे लिहू लागला, तर त्या क्षणी ते लेबल अस्तित्वातच नसते आणि प्रोग्राम कोसळतो. सेटरने किंमत जपून ठेवावी, कॉम्पोनंटस्टेटमध्ये सीएस-लोडिंग (फाइल अजून वाचली जात असल्याची खूण) असेल तर तेथेच थांबावे आणि पडद्यावरील बदल लोडेड ही पद्धत ओव्हरराइड करून तिच्यात करावेत. लोडेड सर्व घटक वाचून झाल्यावर चालते.

तिसरी गोष्ट अशी की, प्रॉपर्टीचे नाव पुढे बदलण्याचा मोह टाळावा. जुने नाव पंचवीस एलएफएम फाइलींमध्ये लिहिलेले राहते आणि फॉर्म उघडताना ‘अशी प्रॉपर्टी नाही’ अशी वाचन-त्रुटी येते. नाव बदलणे अपरिहार्य असेल, तर एलएफएम हा साधा मजकूर आहे. सर्व फाइलींमध्ये शोधून ते एकाच वेळी बदलावे.

पॅकेजचा हा सारा व्याप आपल्यासारख्या पंचवीस फॉर्मच्या कामासाठी योग्य आहे. तीन-चारच फॉर्म असते, तर प्रॉपर्टी पब्लिक ठेवून कोडमधून भरण्याचा सल्ला मी दिला असता.

प्रश्न : मी हिंगणा मार्गावरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. सी-शार्पमधील विंडोज फॉर्म्सवर प्रकल्प करताना मी एक पालक-फॉर्म तयार केला आणि त्यात ‘पृष्ठक्रमांक’ ही प्रॉपर्टी ठेवली. तिच्यावर डिफॉल्टव्हॅल्यू ३ असे लिहूनही किंमत ० येते. शिवाय त्यातून उतरवलेला फॉर्म कधीकधी डिझायनरमध्ये उघडतच नाही आणि डेटाबेस सापडत नसल्याची त्रुटी दिसते. असे का होते?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पहिल्या भागाचे कारण वरच्या उत्तरात आले आहे. डिफॉल्टव्हॅल्यू हे ॲट्रिब्यूट किंमत भरत नाही; किंमत ३ असेल तर डिझायनरने ती इनिशियलाइझकॉम्पोनंटमध्ये लिहू नये आणि प्रॉपर्टीज खिडकीत ती ठळक दाखवू नये, एवढेच त्याचे काम आहे. प्रॉपर्टीच्या घोषणेतच आरंभीची किंमत ३ द्या, म्हणजे दोन्ही जुळतील. आरंभीची किंमत परिस्थितीनुसार बदलत असेल, तर ॲट्रिब्यूटऐवजी शुडसिरियलाइझ आणि रीसेट या शब्दांनी सुरू होणाऱ्या, पुढे प्रॉपर्टीचे नाव जोडलेल्या दोन पद्धती लिहिता येतात. डिझायनर त्यांचा शोध स्वतः घेतो.

दुसऱ्या भागाचे कारणही डिझायनरच्या त्याच रीतीत आहे. उतरवलेला फॉर्म उघडताना व्हिज्युअल स्टुडिओ त्याच्या पालकाची खरीखुरी प्रत तयार करतो; म्हणून पालकाचा कन्स्ट्रक्टर चालतो आणि पालकाच्या लोड घटनेतील कोडही चालतो. तेथे डेटाबेसची जोडणी उघडली जात असेल, तर ती डिझायनरमध्येही उघडू पाहते आणि जोडणीची माहिती तेथे उपलब्ध नसल्याने त्रुटी येते. लोड घटनेत डिझाइनमोड ही प्रॉपर्टी तपासून पुढे जावे. कन्स्ट्रक्टरमध्ये मात्र डिझाइनमोडवर विसंबू नये, कारण त्या क्षणी फॉर्मला साइट, म्हणजे डिझायनरशी जोडणारा दुवा, मिळालेली नसते आणि उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते. तेथे लायसन्समॅनेजरच्या यूसेजमोडची किंमत पाहावी. खरे तर डेटाबेसची जोडणी कन्स्ट्रक्टरमध्ये उघडूच नये, हे मी अधिक ठामपणे सांगेन.

पालकात प्रॉपर्टी लिहिल्यावर प्रकल्प एकदा यशस्वीपणे बिल्ड करणे आवश्यक आहे, कारण डिझायनर पालकाला कंपाइल झालेल्या असेंब्लीतून उचलतो. पालक ॲब्स्ट्रॅक्ट असेल, तर त्याची प्रत तयार करता येत नाही आणि डिझायनर नकार देतो. आपण डॉट-नेट ९ वापरत असल्यास फॉर्मवरील सार्वजनिक प्रॉपर्टीसाठी डब्ल्यूएफओ-१००० ही त्रुटी येऊ शकते. या आवृत्तीपासून प्रॉपर्टी कोडमध्ये साठवायची की नाही, हे स्पष्ट लिहावे लागते; डिफॉल्टव्हॅल्यू, शुडसिरियलाइझ पद्धत किंवा डिझायनरसिरियलायझेशनव्हिजिबिलिटी यांपैकी एक दिल्यास ती जाते. प्रॉपर्टीला कॅटेगरी आणि डिस्क्रिप्शन ही ॲट्रिब्यूट अवश्य द्या. वर्णन मराठीत लिहिले तरी प्रॉपर्टीज खिडकीत ते नीट दिसते आणि प्रकल्पातील आपल्या सहकाऱ्यांना कोड न उघडता प्रॉपर्टीचा उपयोग कळतो.

प्रश्न : महाल भागातील एका पतसंस्थेची जुनी प्रणाली व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये आहे आणि तूर्त ती बदलणे शक्य नाही. तेथे फॉर्मला अशी प्रॉपर्टी देता येईल का? सध्या मी फॉर्मच्या टॅग या मोकळ्या प्रॉपर्टीत स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या किमती भरतो.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : फॉर्ममध्ये प्रॉपर्टी गेट आणि प्रॉपर्टी लेट लिहिता येतात आणि कोडमधून त्या उत्तम चालतात, परंतु प्रॉपर्टीज खिडकीत त्या येत नाहीत आणि तेथे आधारफॉर्म नोंदवण्याचीही सोय नाही, कारण या भाषेत फॉर्मला वारसा देता येत नाही. टॅगमधील स्वल्पविरामांची पद्धत सोडून द्यावी, असे माझे मत आहे. एखादी किंमत मध्ये वाढली की पुढच्या सर्व किमतींची जागा सरकते आणि पतसंस्थेच्या खात्यांत हा धोका पत्करण्याजोगा नाही.

त्याऐवजी एक यूजरकंट्रोल तयार करा, त्याची इनव्हिजिबलॲटरनटाइम ही प्रॉपर्टी ट्रू करा आणि हव्या त्या प्रॉपर्टी त्यात लिहा. यूजरकंट्रोलच्या प्रॉपर्टी खिडकीत दिसतात. प्रत्येक फॉर्मवर त्याची एक प्रत ठेवा आणि सर्व फॉर्मवर तिचे नाव एकच ठेवा, म्हणजे सामाईक कोडमधून ती सहज सापडेल. प्रत्येक प्रॉपर्टी लेटमध्ये प्रॉपर्टीचेंज्ड बोलावण्यास विसरू नका, अन्यथा किंमत फॉर्मच्या फाइलमध्ये साठवली जाईल याची खात्री राहत नाही. साठवण्याचे काम राइटप्रॉपर्टीज आणि वाचण्याचे काम रीडप्रॉपर्टीज या घटनांमध्ये प्रॉपर्टीबॅगच्या साहाय्याने होते आणि दोन्ही ठिकाणी शेवटी डिफॉल्ट किंमत द्यावी लागते. तीच किंमत नव्या प्रतीसाठी इनिटप्रॉपर्टीज या घटनेतही भरावी लागते. ही तिन्ही ठिकाणे जुळली नाहीत, तर पहिल्या उत्तरातील बहारसारखीच गत होते. म्हणून ती किंमत कंट्रोलच्या सुरुवातीला एका कॉन्स्टंटमध्ये लिहा आणि तिन्ही घटनांमध्ये तोच कॉन्स्टंट वापरा.