एम.टेक.नंतर सिक्युरिटी आणि प्रायव्हसीत पीएच.डी.: कोल्हापुरातून सुरुवात कशी करायची

तुझा प्रश्न असा आहे: कोल्हापुरात एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला आहेस, पुढे कॉम्प्युटर सिक्युरिटी आणि प्रायव्हसीत पीएच.डी. करायची आहे. प्रोजेक्टसाठी 'मशीन लर्निंग वापरून इंट्रुजन डिटेक्शन', म्हणजे नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणं, हा विषय मिळतोय. मित्र म्हणतात, आधी एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट कर. घरचे म्हणतात, पुण्याला जाऊन नोकरी बघ. ताई म्हणून हाक मारलीस, तेव्हा मोठ्या बहिणीच्या नात्यानं सगळं मोकळेपणानं सांगते. मी याच विषयात पीएच.डी. करून आता शिकवते.

सर्टिफिकेटचं लगेच सांगते. नोकरीच्या मुलाखतीत त्याचा थोडाफार उपयोग होतो, पीएच.डी.च्या निवडीत जवळजवळ नाही. ते पैसे राहू देत. हाताला सराव हवा असेल तर सीटीएफ (कॅप्चर द फ्लॅग) स्पर्धा खेळ, त्यात मुद्दाम ठेवलेल्या त्रुटी शोधून लपवलेलं उत्तर काढायचं असतं. पिकोसीटीएफ फुकट आहे, आपल्याकडे अमृता विद्यापीठाच्या मुलांची इनसीटीएफ आहे. फक्त एक लक्षात ठेव, सीटीएफमध्ये उत्तर कुठेतरी लपवून ठेवलेलं आहे हे तुला आधीच माहीत असतं. संशोधनात ते आहे की नाही हेच माहीत नसतं, आणि प्रश्न तुलाच मांडावा लागतो. चांगले सीटीएफ खेळणारे काहीजण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात इथेच अडकतात.

आता प्रोजेक्टचा विषय. यावर जरा जास्त बोलते, कारण पुढची सगळी वाट इथूनच फुटते. हा विषय घेणारी बहुतेक मुलं केडीडी ९९ नावाचा डेटासेट उतरवून घेतात, चार अल्गोरिदम चालवतात आणि '९९ टक्के अचूकता' असा तक्ता छापतात. तो डेटा १९९८ साली एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेसाठी तयार केलेल्या कृत्रिम नेटवर्क ट्रॅफिकवरून आलेला आहे. त्यावर २००० सालीच सविस्तर टीका झाली. २००९ मध्ये दाखवून दिलं गेलं की त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश नोंदी एकमेकींच्या नकला आहेत. ज्या काळातलं ते ट्रॅफिक आहे, तेव्हा गूगल कंपनी नुकती सुरू होत होती.

आणि त्या ९९ टक्क्यांचा अर्थ काय, हेही स्वतः मांडून बघ. समज, एका नेटवर्कवर दिवसाला दहा लाख कनेक्शन होतात आणि त्यातली दहा हल्ल्याची आहेत. चुकीची सूचना फक्त एक टक्का वेळा आली तरी दिवसाला दहा हजार खोट्या सूचना झाल्या. त्यांतून दहा खऱ्या शोधायला कोण बसणार? सॉमर आणि पॅक्सन यांनी २०१० च्या आयट्रिपलई सिक्युरिटी अँड प्रायव्हसी परिषदेतल्या पेपरमध्ये हेच विचारलं होतं: मशीन लर्निंग बाकी ठिकाणी इतकं चालतं, मग प्रत्यक्ष नेटवर्कवर इंट्रुजन डिटेक्शनसाठी कुणी फारसं का वापरत नाही? २०२२ च्या यूझेनिक्स सिक्युरिटी परिषदेत आर्प आणि सहकाऱ्यांनी नामांकित परिषदांमधले ३० पेपर तपासले, आणि प्रत्येकात पद्धतीच्या किमान तीन गफलती सापडल्या.

म्हणून गाईडशी वाद घालू नकोस, विषयाचं नावही बदलू नकोस. आतला प्रश्न बदल. सरांना सांग की मी या क्षेत्रातला गेल्या तीन-चार वर्षांतला एक चांगला पेपर घेऊन त्याचे निकाल पुन्हा काढून बघतो, आणि नंतर तेच मॉडेल वेगळ्या महिन्याच्या, वेगळ्या नेटवर्कच्या डेटावर चालवतो. हल्लेखोराला मॉडेल ठाऊक असेल तर ते किती टिकतं, हेही बघतो. बहुतेक गाईड याला नाही म्हणत नाहीत, त्यांनाही नवं काही हवं असतं. यूझेनिक्स, एनडीएसएस आणि पेट्स या तिन्ही परिषदांमधले पेपर कुणालाही फुकट वाचता येतात, अनेकांचा कोडही जोडलेला असतो. कोल्हापुरात बसून वाचणारा आणि झुरिकमध्ये बसून वाचणारा, दोघांसमोर तोच पेपर असतो.

निकाल जुळले नाहीत तर घाबरू नकोस. का जुळले नाहीत हे नीट शोधून लिहिलंस तर तो तुझ्या अर्जातला सगळ्यात वजनदार कागद होईल. एखाद्या प्राध्यापकाला 'मला सायबर सिक्युरिटीची आवड आहे' अशा ईमेलांनी काहीच कळत नाही. 'तुमच्या पेपरमधला तिसरा प्रयोग करून बघितला, माझ्याकडे आकडे असे आले, कारण मला असं वाटतं' या ईमेलला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

'कोल्हापुरात राहून काय संशोधन होणार' असंही तू लिहिलं आहेस. हे मला अजिबात पटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी बनावट स्विच बसवला, आणि पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत न पोचताच मंजूर होत गेल्या. २८ देशांत एटीएममधून पैसे निघाले, त्यातले काही आपल्या कोल्हापुरातूनही. या घटनेत संशोधकानं विचारायचा प्रश्न असा: स्विचनं दिलेला होकार हा बँकेचाच होकार आहे, असं कुणी आणि कशाच्या भरवशावर धरलं होतं? कुठलाही पेपर वाचताना, कुठलीही प्रणाली बघताना हाच प्रश्न विचारायची सवय लाव. हल्लेखोर कोण, त्याच्या हातात काय आहे, आणि आपण कशावर डोळे मिटून विश्वास ठेवतोय? थ्रेट मॉडेल म्हणतात ते हेच. ते स्पष्ट लिहिता आलं की अर्धा पेपर झाला. आणि आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, सहकारी बँका, दूध संस्था, साखर कारखाने किती आहेत बघ. त्यांच्या संगणकांच्या सुरक्षेवर अभ्यास करणारे किती आहेत तेही बघ.

प्रायव्हसीच्या बाजूनं तर तुझ्याकडे मोठी जमेची गोष्ट आहे, तुला मराठीत माणसांशी बोलता येतं. राधानगरी-भुदरगडच्या वाड्यांवर एका घरात एकच स्मार्टफोन असतो. सासूच्या खात्याचा ओटीपी नातवाच्या नंबरवर येतो, सुनेचे मेसेज सगळे वाचतात. जगातली बहुतेक ॲप मात्र एक फोन म्हणजे एक माणूस असं धरून बनवलेली आहेत. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या स्त्रिया असा सामायिक फोन वापरताना आपलं खासगीपण कसं सांभाळतात, यावरच्या पेपरला २०१८ च्या सूप्स परिषदेत मानाचं स्थान मिळालं. आणखी एक विषय तर समोरच पडला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. माहिती घेण्यापूर्वीची संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, असं त्यात आहे. मग मराठीतली ती सूचना शाहूपुरीतल्या दुकानदाराला, गडहिंग्लजच्या शेतकऱ्याला कळते का? ती वाचून त्यांचा निर्णय बदलतो का? हा अभ्यास तू जितका चांगला करशील तितका बाहेरून आलेला माणूस करू शकणार नाही. फक्त माणसांवरच्या अभ्यासाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घे. ती नसेल तर चांगल्या परिषदा पेपर बाजूला ठेवतात.

आता एक गोष्ट मोठी बहीण म्हणून बजावून सांगते. परवानगीशिवाय कुणाच्याही सर्व्हरला हात लावायचा नाही, कॉलेजच्या पोर्टललासुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'मी तर संशोधन करत होतो' एवढ्यावर सुटका होईल अशी सोय कायद्यात नाही. प्रयोग स्वतःच्या लॅपटॉपवर, व्हर्च्युअल मशीनवर कर. सहज वापरताना कुठे त्रुटी दिसलीच, तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला कळव आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत कुठेही टाकू नकोस.

संस्था निवडताना नावाआधी गाईड बघ. त्यांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर कुठे आले, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना पीएच.डी.ला किती वर्षं लागली, हे बघायचं. त्या विद्यार्थ्यांना थेट ईमेल कर, मुलं खरं सांगतात. क्रिप्टोग्राफी हवी असेल तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतलं (आयएसआय) आर. सी. बोस केंद्र, हैदराबादचं ट्रिपलआयटी, बंगळूरचं आयआयएससी. हार्डवेअर सिक्युरिटीसाठी आयआयटी खरगपूर. वीज-पाण्यासारख्या यंत्रणांच्या सुरक्षेसाठी आयआयटी कानपूर. शिवाजी विद्यापीठातही करता येईल, पण तिथल्या गाईडचं काम तुझ्या प्रश्नाच्या जवळचं असेल तरच. 'घराजवळ आहे' हे कारण पाच वर्षं पुरत नाही.

गेट परीक्षेची तयारी आत्तापासून ठेव, बहुतेक आयआयटींत ती किंवा नेट परीक्षा लागतेच. मुलाखतीत सिक्युरिटीपेक्षा ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, प्रॉबॅबिलिटी आणि अल्गोरिदम जास्त विचारतात. ते कच्चं असेल तर बाकी कशानं भरून निघत नाही.

परदेशाचा विचार असेल तर अमेरिकेत अर्ज साधारण डिसेंबरात बंद होतात. बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, म्हणून स्वतःच्या पैशानं पीएच.डी. करायला जाऊ नकोस. जर्मनीत बहुतेक ठिकाणी पीएच.डी. ही पगारी नोकरी असते. बोखमची माक्स प्लांक इन्स्टिट्यूट आणि सारब्र्युकनचं सिस्पा संशोधन केंद्र हे दोन्ही फक्त याच विषयाला वाहिलेले आहेत.

पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापणाऱ्या 'इंटरनॅशनल जर्नल'पासून लांब राहा, कॉलेजला गुण हवे असले तरी. तो पेपर कायम तुझ्या नावावर राहतो आणि निवड समितीतला माणूस तो उघडून बघतो. सिक्युरिटीत चार परिषदांना मान आहे: आयट्रिपलई एस अँड पी, यूझेनिक्स सिक्युरिटी, एसीएम सीसीएस आणि एनडीएसएस. एम.टेक.ला तिथे पेपर व्हायलाच पाहिजे असं नाही. त्यांच्यासोबत भरणाऱ्या कार्यशाळांपासून सुरुवात कर.

घरच्यांना आकडा सांग. जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणारी फेलोशिप, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,००० होते, वर घरभाडं. पुण्यातल्या आयटीपेक्षा ते कमीच आहे, तेही लपवू नकोस. घराला आत्ता पैशाची खरंच गरज असेल तर दोन वर्षं नोकरी कर, पण सिक्युरिटीचं काम मिळेल अशीच बघ. त्यानं पीएच.डी.चं काही बिघडत नाही.

या महिन्यात पेपर ठरव आणि एक पान लिही: प्रश्न काय, हल्लेखोर कोण, डेटा कुठला. ते इथेच टाक, मी वाचून त्यावर लिहीन.