दोन इंची पडद्याच्या तक्रारी
वाचकांचे प्रश्न : छोटे टीव्ही आणि वेगळ्या घडणीच्या पिक्चर ट्यूब

प्रश्न : मामांनी १९८०च्या दशकात अमेरिकेहून आणलेला सोनी वॉचमन, म्हणजे हातात मावणारा टीव्ही, माळ्यावर सापडला. सेल घातले की पडदा उजळतो, पण नुसत्या मुंग्या दिसतात. बिघाड कुठे असेल? (सातारा)

उत्तर : पडदाभर एकसारख्या मुंग्या आणि स्पीकरमधून खरखर येत असेल, तर टीव्ही बहुधा ठणठणीत आहे, उपाशी आहे इतकेच. सिंहगडाच्या दिशेने अँटेना वळवून चित्र ओढायचे दिवस गेले. दूरदर्शनचे जमिनीवरून होणारे अॅनालॉग प्रक्षेपण आपल्याकडे बंद झाले आहे. आता फ्री डिशच्या बॉक्सचे एव्ही आउटपुट आरएफ मॉड्युलेटरला (चित्र-आवाज टीव्हीच्या चॅनेलवर बसवणारी डबी) द्या आणि मॉड्युलेटरचे आउटपुट टीव्हीला.

मॉड्युलेटर घेताना नीट बघा. आपल्या पद्धतीत चित्र आणि आवाज यांच्यात ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, अमेरिकन सेटला ४.५ लागते, इंग्लंडच्या सेटला ६. अंतर जुळले नाही तर चित्र स्वच्छ येते, पण आवाज मुका राहतो किंवा नुसता गुणगुणतो. अशा वेळी टीव्ही उघडू नका. मॉड्युलेटरवर पद्धत बदलायचा स्विच असेल तर तो फिरवा, नाहीतर आवाज बॉक्सवरूनच घ्या. चॅनेलचे आकडेही फसवे आहेत. अमेरिकेचे तीन नंबर ६१.२५ मेगाहर्ट्झवर, आपले ५५.२५ वर. त्यामुळे आकडा न बघता ट्यूनिंगचे चाक हळूहळू फिरवत शोधा.

संच कृष्णधवल असेल तर पाल की एनटीएससी (रंगाच्या दोन पद्धती) हा वाद उरत नाही. आडव्या ओळींचा वेग १५,६२५ की १५,७३४, हा फरक एक टक्क्याहून कमी आहे; बहुतेक सेट तो सांभाळून घेतात. उभ्या दिशेला मात्र ६०च्या जागी ५० हर्ट्झ येतात. चित्र वर सरकत राहिले तर व्हर्टिकल होल्ड फिरवा. ते थांबले की बऱ्याचदा उंच झालेले दिसेल, कारण प्रत्येक फेरीला १६.७ ऐवजी २० मिलिसेकंद मिळतात. आतला व्हर्टिकल साइझचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा कंट्रोल) किंचित कमी केला की माणसांची डोकी पडद्यात मावतात.

अँटेनाची पिन नसेल तर मॉड्युलेटरच्या आउटपुटच्या मधल्या तारेला इन्सुलेशन असलेली वायर जोडा आणि तिचे तीन-चार वेढे टीव्हीच्या काडी अँटेनाला द्या. सरळ जोडणीत सिग्नल जास्त होतो आणि चित्र काळवंडून वाकडे होते.

प्रश्न : पाच इंची कृष्णधवल सेट. मधोमध एक झगझगीत आडवी रेघ, बाकी अंधार. आवाज नीट येतो. (कऱ्हाड)

उत्तर : आधी ब्राइटनेस एकदम खाली आणा. इलेक्ट्रॉनांचा सगळा झोत एकाच रेघेवर पडत राहिला तर फॉस्फर (पडद्यावरचा उजळणारा थर) जळतो, आणि ती जखम भरत नाही.

रेघ आडवी आहे म्हणजे लाइन आउटपुट (झोत आडवा फिरवणारे सर्किट) आणि ईएचटी (ट्यूबला लागणारे काही हजार व्होल्ट) चालू आहेत, फक्त झोत वर-खाली हलत नाही. तपासणीचा क्रम असा. योककडे (ट्यूबच्या मानेवरच्या, झोत वळवणाऱ्या कॉइलकडे) जाणाऱ्या कनेक्टरचे डाग, म्हणजे कथिलाचे जोड, भिंगातून बघा. पिनेभोवती बारीक काळी कडी दिसली तर तो डाग सुटलेला आहे. नुसता गरम करून भागणार नाही, जुने कथील काढून नवा डाग द्या. मग सेट बंद करून योकच्या व्हर्टिकल कॉइलचा रोध मोजा. काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तिची वायर तुटली आहे. त्यानंतर व्हर्टिकल आयसीच्या सप्लाय पिनवर व्होल्टेज बघा. ते नसेल तर आयसीला दोष देण्याआधी वाटेतला फ्यूजसारखा वापरलेला छोटा रोध तपासा. जळालेला तोच सापडण्याची शक्यता जास्त. तो का जळाला हे न बघता बदलला, तर नवाही जातो. आयसी शॉर्ट आहे का, ते आधी मोजा.

योकला मालिकेत जोडलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, साधारण ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, हा जुना गुन्हेगार. आतून पूर्ण तुटला की रेघ उरते, अर्धवट सुकला की चित्र दबते किंवा त्याची घडी पडते. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त आणि १०५ अंशांचा घ्या. दुकानात ८५ अंशांचा पुढे करतील. लाइन आउटपुटच्या उबेशेजारी तो फार टिकत नाही.

रेघ उभी असती तर उत्तर वेगळे असते : होरिझॉन्टल योकची कॉइल तुटलेली, आणि सेट ताबडतोब बंद करायचा.

प्रश्न : २०१९च्या पुरात कपाटात भिजलेला छोटा टीव्ही तेव्हापासून तसाच आहे. चालू करून बघू का? (सांगली)

उत्तर : नाही. कृष्णेचा गाळ वाळल्यावर कोरडा दिसतो, पण त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि पीसीबीवरच्या (सर्किटच्या पाटीवरच्या) तांब्याच्या ट्रॅकमधून वीज गळते. ईएचटीच्या भागात त्याचा जाळ होतो.

मागचे झाकण काढा. सेलच्या कप्प्यातली हिरवी-पांढरी बुरशी व्हिनेगरच्या थेंबाने आणि जुन्या टूथब्रशने काढा. पीसीबी सुटी करून साध्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. स्पीकर आधी काढून ठेवा, त्याचा कागद पुन्हा भिजवू नका. वाळवायला ४० ते ५० अंशांची ऊब पुरे, आठवडाभर. कडक उन्हात प्लॅस्टिकचे झाकण वाकते. व्हॉल्यूम, ब्राइटनेस आणि होल्डच्या कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

पहिल्यांदा वीज द्यायची ती करंट मर्यादित करता येणाऱ्या बेंच सप्लायवरूनच. बारा व्होल्टच्या पाच इंची सेटला मर्यादा सव्वा अँपिअर ठेवा. सुई लगेच मर्यादेला टेकली तर बंद करा. सूं सूं आवाज, ओझोनचा वास किंवा अंधारात निळी ठिणगी दिसली तर ईएचटी तयार करणाऱ्या लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ओल शिरली आहे. वरची ओल वाळते, गुंडाळीत शिरलेली सहसा निघत नाही. तसे असेल तर हा सेट सुट्या भागांसाठी ठेवा आणि चांगली ट्यूब दुसऱ्या सेटला द्या.

प्रश्न : भंगारातून चपट्या ट्यूबचा टीव्ही घेताना काय बघावे? (मिरज)

उत्तर : ट्यूब. कंडेन्सर आजही मिळतो, ट्रान्झिस्टरला पर्याय निघतो, ट्यूब मिळत नाही.

काचेच्या आत गेटरचा (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूचा) डाग असतो. तो आरशासारखा चंदेरी किंवा काळपट असेल तर निर्वात शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेली. ती ट्यूब मेली, सेट चकचकीत असला तरी पैसे देऊ नका. मग फिलामेंट (आतली तापणारी तार) अखंड आहे का, ते मीटरवर बघा.

चपट्या ट्यूबमध्ये गन (झोत सोडणारा भाग) पडद्याच्या मागे नसते. १९८२च्या सोनी एफडी-२१० मध्ये ती पडद्याखाली आहे आणि झोत तिरका चढत फॉस्फरवर पडतो. १९८३च्या सिंक्लेअर एफटीव्ही-१ मध्ये गन बाजूला आहे, चित्र दबलेले उमटते आणि समोरची फ्रेस्नेल भिंग ते ताणून दाखवते. ती भिंग हरवलेला सेट घेऊ नका. तिरक्या झोताने चित्र एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद होते; ते सर्किट सरळ करते. म्हणून ट्यूबवरचा योक आणि बारीक चुंबक जागचे हलवू नका. हलवलेच तर आधी मार्करने खूण करा.

सिंक्लेअरची चपटी पोलरॉइड बॅटरी शोधत बसण्यात अर्थ नाही, बाहेरून सहा व्होल्ट द्या. अॅडाप्टर रेग्युलेटेड हवा. साधा सहा व्होल्टचा अॅडाप्टर भार नसताना नऊपर्यंत चढतो. पिनेची मधली बाजू धन की ऋण, हे सेटवरच्या खुणेवरून ठरवा. जुन्या जपानी सेटमध्ये मधली ऋण असणे नवे नाही.

आणि वॉचमन उघडल्यावर सुक्या मासळीसारखा वास आला तर बारीक कंडेन्सर गळले आहेत. ते पक्कडीने ओढू नका, खालचा ट्रॅक निघून येतो. दोन्ही पाय एकदम गरम करून उचला, खालची जागा अल्कोहोलने पुसा आणि मगच नवे लावा.

प्रश्न : इतक्या छोट्या सेटच्या ट्यूबमध्ये साठलेली ईएचटीही काढावी लागते का? (वाई)

उत्तर : हो. पाच इंची ट्यूबलाही काही हजार व्होल्ट लागतात. त्या धक्क्यापेक्षा दचकून मागे गेलेला हात ट्यूबची मान मोडतो, हा धोका मोठा. सेट बंद करा. वायरचे एक टोक ट्यूबवरच्या काळ्या ग्राफाइटला टेकलेल्या वेणीला लावा, दुसरे पातळ पेचकसाला, आणि तो ट्यूबवरच्या ईएचटी वायरच्या रबरी टोपीखाली सरकवा. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एकदा करा, कारण काचेत शिल्लक राहिलेला भार परत वर येतो.