ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाला नेमकं काय करावं लागतं? पदभार घेताना कशाकडे बघावं?

प्रश्न असा आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षं काढलेल्या डॉक्टरांना आता तालुक्याच्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचा ‘प्रभारी वैद्यकीय अधीक्षक’ म्हणून आदेश मिळतोय. काम काय असतं आणि सुरुवात कुठून करावी, हे त्यांनी विचारलंय. उत्तर महाराष्ट्रापुरतं देतो, कारण बाकीच्या राज्यांत रचना वेगळी आहे.

आधी एक फरक. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली, म्हणजे वाट थेट राज्य शासनाची. तालुका आरोग्य अधिकारी तुमचे वरिष्ठ नाहीत आणि तुम्ही त्यांचे नाही. पण साथ आली, लसीकरणाची मोहीम आली की दोघांना एकाच टेबलावर बसावं लागतं. मानपानाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात चहावर मिटवून टाकलेला बरा.

आता काम. ते फायलींचं आहे असं सगळे सांगतील, आणि फायली खरोखरच डोक्यावरून जातात. पण माझ्या मते अधीक्षकाचं खरं काम एकच: सकाळी अकराला ओपीडी भरलेली असताना रुग्णालय जसं चालतं, तसंच ते रात्री दोन वाजताही चाललं पाहिजे. बाकी जवळपास सगळं यातूनच निघतं.

म्हणून पहिला कागद हातात घ्यायचा तो ड्यूटीच्या तक्त्याचा. आठवड्याचे तास १६८. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, तुमच्याशिवाय वैद्यकीय अधिकारी साधारण तीन. म्हणजे कुणी रजेवर नसतानाच माणशी ५६ तास. एक जण रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की ८४. त्यात कोर्टाचं समन्स, मंत्र्यांच्या दौऱ्याचं पथक, शिबिर. बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेला डॉक्टर पदव्युत्तर प्रवेश मिळाला की निघून जाणार, ही तारीख आधीच माहीत असते; तरी दर वर्षी ती सगळ्यांना अचानक आल्यासारखी वाटते. तक्ता कागदावर पूर्ण भरलेला असेल आणि माणसं तीनच असतील, तर तो तक्ता खोटा आहे. कोण खरोखर मुक्कामाला आहे आणि कोण चाळीस किलोमीटरवरून ‘ऑन कॉल’ आहे, ते सिस्टरना बाजूला घेऊन विचारा. त्या खरं सांगतात.

तुम्ही स्वतः आठवड्यातून एक रात्र ड्यूटी घ्या. अधीक्षकाने रात्रपाळी करावी असं बंधन नाही, पण एका रात्रीत जे कळतं ते महिन्याच्या बैठकांत कळत नाही. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आयुष डॉक्टरांना आकस्मिक विभागात बसवून तक्ता भरण्याची पळवाट घेऊ नका. त्यांचं काम शाळा-अंगणवाड्या तपासण्याचं आहे. काही बिघडलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

परिचारिकांचं गणितही असंच. आठवड्यात २१ पाळ्या. सात जणी असल्या तर कागदावर पाळीला दोघी येतात. नाइट ऑफ, रजा आणि एखादी प्रसूती रजा धरली की रात्री एकच उरते. मग प्रसूतिगृहात बाळ अडलेलं आणि दारात सर्पदंश, दोन्ही एकदम आलं तर ती कुठे धावणार, हे आज ठरवा. कक्षसेवकाला निदान ऑक्सिजन जोडणं आणि अँब्यू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबणं नीट शिकवा.

सर्पदंशावर जरा थांबतो, कारण पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयाची परीक्षा तिथेच होते. भारतात मिळणारी बहुसंयुजी, म्हणजे अनेक सापांच्या विषावरची, लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीला ८ ते १० कुप्या, लहान मुलालाही तेवढ्याच. विष सापाने टोचलेलं असतं, रुग्णाच्या वजनाचा त्याला पत्ता नसतो. घोणशीच्या दंशात एकाच रुग्णाला पुढे २०-३० कुप्यांपर्यंत जावं लागू शकतं. म्हणजे भांडारात २० कुप्या असणं हा साठा नव्हे, तो एक रुग्ण झाला. जूनच्या आत मागणी नोंदवून ठेवा. रक्त गोठतंय का हे बघायची २० मिनिटांची चाचणी अगदी साधी आहे: दोनेक मिलिलिटर ताजं रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त वाहिलं तर गोठत नाही. चाचणी फसते ती नळीमुळे. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेल्या नळीत रक्त निरोगी माणसाचंही गोठत नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञाकडून नव्या काचेच्या दहा-बारा नळ्या मागून आकस्मिक विभागात डब्यात ठेवा, वर चिठ्ठी लावा, ‘फक्त सर्पदंश’. लसीची भुकटी विरघळायला वेळ लागतो. घाईत कुपी जोरात हलवली की फेस होतो, म्हणून दोन्ही तळहातांत हळूच फिरवायची. लसीची तीव्र ॲलर्जी आली तर म्हणून ॲड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून बाजूला. आणि रात्री लस ज्या कपाटात आहे त्याची किल्ली औषधनिर्मात्याच्या घरी नसावी. हसू येईल, पण पहिल्या रात्री जाऊन बघाच.

कोकणात असाल तर विंचूदंशही. त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तिथल्या रुग्णांवरच्या कामातून दाखवून दिला. गोळी स्वस्त आहे, आणि म्हणूनच कदाचित मागणीपत्रात राहून जाते.

प्रसूतिगृहात दोन गोष्टी हाताने तपासा. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत आहे की ट्रेमध्ये आठवडाभर पडलंय? उन्हाळ्यात बाहेर राहिलेलं इंजेक्शन टोचल्याचं समाधान देतं, गर्भाशय आवळत नाही. दुसरी, गरोदरपणातल्या झटक्यांसाठीचं मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्क्यांच्या २ मिलिलिटर ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. पहिला पूर्ण डोस १४ ग्रॅम: ४ शिरेतून सावकाश, ५-५ दोन्ही कुल्ल्यांत. म्हणजे १४ ॲम्प्यूल्स, सोबत उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, असं एक पाकीट बांधून ठेवा. ॲम्प्यूल ५० टक्क्यांचंच आहे ना, ते लेबलवर बघा. झटके येत असताना कुणी ॲम्प्यूल्स मोजत बसू नये. सिझेरियन होत असेल तर भूलतज्ज्ञ आज रात्री मिळणार की नाही, हे संध्याकाळी विचारून फळ्यावर लिहायची पद्धत पाडा. नाहीतर मध्यरात्री दोन तास फोनात जातात आणि मग बाईला पुढे पाठवलं जातं, ते आठलाच पाठवता आलं असतं.

ऑक्सिजनचं गणित भिंतीवर चिकटवा. मोठा डी सिलिंडर ७,००० लिटर: मिनिटाला १० लिटरने साडेअकरा तास. बी सिलिंडर १,५०० लिटर: त्याच वेगाने अडीच तास. जिल्हा रुग्णालय दोन तासांवर असेल आणि रुग्णवाहिकेत अर्धा भरलेला बी सिलिंडर असेल, तर तो वाटेत संपणार, हे निघतानाच ठरलेलं असतं. रेग्युलेटर आणि किल्ली सिलिंडरला साखळीने बांधा. जनरेटर आठवड्यातून एकदा नुसता सुरू करू नका. वॉर्डाचा आणि प्रसूतिगृहाचा भार टाकून पंधरा मिनिटं चालवा. भार न टाकता सगळेच जनरेटर उत्तम चालतात.

आग. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात १० बाळं गेली, त्यानंतर तपासण्यांची लाट येऊन गेली. तुमच्याकडे लहानसा का होईना, नवजात स्थिरीकरण कक्ष असेल. दोन वॉर्मर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील तर तो आजच काढा. आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं, परवानाधारक संस्थेचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत लागतं. शेवटचं कधीचं आहे ते बघा.

पुढे पाठवलेल्या रुग्णांची नोंदवही दर सोमवारी वाचा, सही करण्यापुरती नव्हे. कारणाच्या रकान्यात ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच असेल तर ते कारण नव्हे. कोणत्या डॉक्टरच्या पाळीत आणि कोणत्या वाराला रुग्ण जास्त जातात, हे चार आठवड्यांत दिसतं. समोरच्या रुग्णालयाला फोन करून घेणाऱ्या डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम करा. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहिणंही बंद करा. तसं तर प्रत्येकाचंच होतं.

कायद्याची बाजू आरोग्य केंद्रापेक्षा बरीच जड आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला उपचार नाकारणं हा गुन्हा आहे, पोलीस आले नाहीत हे कारण चालत नाही. तपासणीचा अहवाल तपास अधिकाऱ्याकडे सात दिवसांत जायला हवा. शवविच्छेदनाला सरपंचापासून आमदारांच्या पीएपर्यंत सगळ्यांची घाई असते. पंचनामा आणि पोलिसांचं पत्र हातात आल्याशिवाय टेबलावर काही घ्यायचं नाही. पुरेसा उजेड आणि सोय असेल तर रात्रीही करता येतं, पण खून, आत्महत्या, बलात्कार किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर सहसा रात्री नाही. व्हिसेराच्या (रासायनिक तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या) बरण्या पोलीस नेत नाहीत आणि वर्षानुवर्षं साठतात, हा जवळपास प्रत्येक ठिकाणचा रोग. पदभार घेताना त्या मोजा, यादी करून पोलीस ठाण्याला पत्र द्या, आणि पुढे प्रत्येक बरणी शिपायाचा बक्कल नंबर व सही घेऊनच द्या.

शिवाय गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्याखाली तालुक्याचे समुचित प्राधिकारी, म्हणजे कायदा राबवणारे अधिकारी, तुम्हीच. सोनोग्राफी केंद्रांची तपासणी ९० दिवसांतून एकदा. खटलाही तुम्हालाच फिर्यादी म्हणून न्यायालयात दाखल करावा लागतो. सोनोग्राफीवाले डॉक्टर बहुतेक तुमच्या ओळखीचेच असतात, एखादा वर्गमित्रही निघतो. तपासणीला एकटे जाऊ नका, आणि तिथे चहा घेऊ नका. आपल्याच रुग्णालयातल्या मशीनचे एफ फॉर्म (प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद) आधी नीट करा, मग दुसऱ्याचे तपासा.

जैव कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. गाडी येत नसेल तर ठेकेदाराला तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि प्रत ठेवा.

आता पैसा, जिथे चांगले डॉक्टर अडकतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे रुग्ण कल्याण समितीकडे येणारं शुल्क थांबलं. छोट्या दुरुस्त्यांना आता अनुदान, जिल्हा नियोजनचा निधी आणि रुग्णालय योजनेत अंगीकृत (समाविष्ट) असेल तर महात्मा फुले योजनेचे दावे. दावे नामंजूर होतात ते बहुतेक वेळा उपचारामुळे नाही, फोटो किंवा अहवाल अपलोड न केल्यामुळे. एका माणसाला तेवढंच काम द्या.

रोकडवही रोज बघा, महिन्याच्या शेवटी बँकेच्या उताऱ्याशी जुळवून स्वतःच्या हाताने सही करा. कोरा धनादेश, कितीही विश्वासू लिपिक असला तरी, नाही. ई-औषधी या संगणकप्रणालीतला साठा आणि कपाटातला साठा यांत फरक असणारच. पाच महागड्या औषधांपासून मोजायला सुरुवात करा. जडवस्तू नोंदवहीतली उपकरणं एकेक करून बघा. जे सापडत नाही ते पदभार हस्तांतरणाच्या यादीत ‘आढळले नाही’ असं लिहून जाणाऱ्या अधिकाऱ्याची सही घ्या. संकोच वाटेल. पण ती सही राहिली तर चार वर्षांनी लेखापरीक्षक तो ईसीजी तुमच्याकडे मागेल.

शेवटचं ‘प्रभारी’ या शब्दाबद्दल. आदेशात आहरण व संवितरण अधिकार, म्हणजे सरकारी पैसे काढण्याचे व वाटण्याचे अधिकार, दिल्याचं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयातून ते लेखी घ्या, आणि नमुना सही उपकोषागारात व बँकेत त्याच आठवड्यात पोचवा. ती महिनाअखेरपर्यंत पोचली नाही तर पगारबिल अडकतं, आणि तुमची ओळख सफाई कामगारापासून सगळ्यांना ‘ज्यांच्यामुळे पगार लांबला ते साहेब’ अशी होते.